टायर बदलेपर्यंत

माझं डोकं तापायला वेळ लागत नाही, हे आखातातल्या आमच्या रिग्गईच्या खोलीत सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानातली रांग सरकली नाही तरी मी बोंब मारतो. त्या सकाळी मात्र तोंडाला कुलूप लावून गाडी चालवत होतो. शेजारी माझा खोलीतला सोबती, गावचाच, एसीचं काम करणारा. त्याची आई खूप आजारी आहे एवढंच सांगून मी त्याला विमानतळावर सोडायला निघालो होतो. आई पहाटेच गेली होती. त्याच्या भावाने मला फोन केला होता, "तेका आत्ता सांगू नको. एकटो येतलो, वाटेत काय झाला तर?" परदेशातल्या माणसाला आमच्याकडे असंच बोलावतात. घरच्या खळ्यात, अंगणात पाय ठेवला की मगच कळू द्यायचं.

इथला हिवाळ्यातला पाऊस चार थेंबांचा, पण रस्त्यांची पार वाट लावतो. वळणावर साचलेल्या पाण्यात खड्डा दिसलाच नाही. धाडकन आवाज झाला आणि पुढचा टायर बाजूने फाटला. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. नशीब, बंशर, म्हणजे इथलं पंक्चरवाल्याचं दुकान, समोरच होतं.

हा बिचारा कारागिराच्या मागेमागे फिरू लागला. "भाईसाब, जल्दी करो, माँ सीरियस है." मग माझ्याकडे वळला. "तू सांग मा रे तेका! आवस वाट बघता हा माझी."

"होयत रे. विमानाक वेळ आसा. चाय घे," मी म्हटलं.

चहा त्याच्या हातातच निवला. त्याने घरी फोन लावला, भाऊ उचलेना. "डॉक्टरकडे असात," मी म्हटलं. माझी मलाच लाज वाटत होती. कारागीर चुकीच्या मापाचा टायर घेऊन आला, दुसरा शोधायला गेला, मध्येच फोनवर गप्पा हाणत उभा राहिला. मी चकार शब्द काढला नाही. कुणासाठी घाई करायची? ती माऊली तर केव्हाच निघून गेली होती. थोड्या वेळाने याने कारागिराचा पिच्छा सोडला आणि जुन्या टायरांच्या ढिगावर जाऊन बसला.

विमानतळावर मी त्याची बॅग उतरवली. म्हटलं, "आवशीक सांग, मी इचारलंय म्हणान."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "त्या मेल्यान येवढो उशीर केल्यान, तरी तू तेच्यार वराडलंस नाय. तेव्हाच माका कळला."

भर दरवाज्यात मी रडायला लागलो. तो नाही रडला. बॅग उचलताना त्याने एवढंच विचारलं, "माझ्यासाठी थांबतले मा रे?"

"तुझ्याशिवाय तिका उचलूचे नाय," मी म्हटलं.