परुळेकरांचा फुकटचा इंटरव्ह्यू

मुलुंडच्या जयवंत परुळेकरांनी आयुष्यभर एका कारखान्यात नोकरभरती केली. त्यांच्यासमोर बसून घाम न फुटलेला उमेदवार अजून जन्माला यायचाय. पण निवृत्तीनंतर या दराऱ्याला गिऱ्हाईकच उरलं नाही. बायको जया तर त्याला काडीची किंमत देत नव्हती.

अशात शेजारची निधी तोंड पाडून आली. तिच्या संस्थेला तुरुंगातल्या कैद्यांना नोकरीच्या मुलाखतीचा सराव द्यायचा होता. डोळ्यांवर मोठा चष्मा चढवला की समोर खोटा साहेब दिसतो आणि प्रश्न विचारतो, असं यंत्र त्यासाठी आणायचं होतं. खर्चाचा आकडा ऐकून तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी हात वर केले. आधी एकाला तरी नोकरी लावून दाखवा, मग चष्म्यांचं बघू, म्हणाले.

"खोटा साहेब कशाला गं? मी बसतो ना लॅपटॉपसमोर. फुकट!"

पडद्यावर पहिलाच आला अंबादास. सात वर्षं आत काढलेली, सुतारकामात हात तयार, महिन्याभरात सुटणार. प्रश्न विचारला की हा ताडकन उभा, नजर जमिनीवर आणि उत्तर ठरलेलं. पगार कमी चालेल? होय साहेब. रविवारी येशील? होय साहेब. जयवंतरावांचं डोकंच फिरलं.

"अरे, आता तू मला काहीतरी विचार!"

अंबादास हळूच म्हणाला, "साहेब, आज जेवायला काय?"

"बांगडे!" आतून जया ओरडली. अंबादास हसला, तशी त्याची मान वर आली. पुढे रोज प्रश्न त्यानेच विचारायचे, असं ठरलं.

भांडुपच्या एका फर्निचरवाल्याने खरी मुलाखतही पडद्यावरच घेतली. जयवंतराव आपला कॅमेरा बंद ठेवून, जीव मुठीत धरून ऐकत होते. अंबादास बसून बोलला, झकास बोलला. मालक खूश. "सुटलास की सोमवारपासून ये. जमेल ना?"

"उद्या सांगितलं तर चालेल?"

मालक जरा गडबडला, पण चालेल म्हणून गेला. जयवंतरावांनी झटकन कॅमेरा लावला. "मेल्या, वाट लावलीस! हातातली नोकरी घालवतोस?"

"कामाला जाणारच आहे साहेब," अंबादास म्हणाला. "पण सात वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, जमेल का म्हणून. एक रात्र तरी ठरवू द्या ना."

जयवंतरावांचा राग कुठल्या कुठे पळाला.

"ठरव बाबा," ते म्हणाले. "सावकाश ठरव."