अंधारातला भूगोल

अरुंधती दिघ्यांची सगळी नोकरी महूच्या एका शाळेत भूगोल शिकवण्यात गेली. समुद्री गुहेचा धडा आला की त्या फळ्यावर निळ्या खडूने लाटा काढायच्या, तपकिरी खडूने कडा आणि कड्याच्या पोटात एक भोक. मुलं विचारायची, "मॅम, आपने देखी है?" त्या सरळ सांगायच्या, "नहीं बेटा, अभी तक नहीं."

त्या रिटायर झाल्या आणि बँकॉकला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, क्षितिजाने, फोन केला. "आई, इथे एका बेटावर गुहा आहे. आत शिरलं की पलीकडे छुपं तळं, समुद्राचंच पाणी. पण पोहत जावं लागतं."

अरुंधतीबाईंना पोहता येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तरणतलावात नाव घातलं.

"या वयात?" सुधाकरराव म्हणाले. पलासियाच्या बँकेतून निवृत्त झालेला हा गडी पाण्याला जाम भ्यायचा. पण रोज सकाळी छत्रीबागेतल्या घरून स्कूटरवर बायकोला तेच सोडायचे आणि टॉवेल घेऊन काठावर बसून राहायचे. आधी नाकातोंडात पाणी, मग कडेकडेने, आणि उन्हाळा सरता सरता बाई तलाव आडवा पार करू लागल्या.

क्षितिजा दोघांना घेऊन आली आणि बेटापाशी बोट थांबली, तेव्हा समोर नुसता कडा होता आणि पाण्यालगत एक काळी फट. वाटाड्या म्हणाला, ओहोटी आहे तोवरच जाऊन यायचं. सगळ्यांनी लाइफ जॅकेट घातली. सुधाकररावांनी आपल्या गावच्या ढंगात आधीच जाहीर केलं होतं, "मी बोटीतच बरा, भिया." पण बायको पाण्यात उतरून फटीकडे निघालेली दिसली, तसे तेही डोळे मिटून धप्पकन उतरले आणि तिच्या जॅकेटचा पट्टा त्यांनी घट्ट धरला.

आत दहा हात गेल्यावर मिट्ट काळोख झाला. वाटाड्याच्या टॉर्चचा उजेड पुढे पुढे पळत होता. सुधाकररावांचा श्वास फुलला.

"अगं, काहीतरी बोल."

"काय बोलू?"

"कुछ भी. ही गुहा कशी झाली ते सांग."

आणि अरुंधतीबाई वर्गात उभ्या असल्यासारख्या सुरू झाल्या. चुनखडीचा दगड, त्यात मुरणारं पाणी, खालून खाणाऱ्या लाटा, आतून पोखरलेला डोंगर आणि शेवटी कोसळलेलं छप्पर. त्यांचा आवाज भिंतींवर आपटून दुप्पट मोठा होत होता. मागून येणाऱ्या परक्या प्रवाशांना एक अक्षर कळत नव्हतं, तरी तेही गप्प राहून ऐकत होते.

"छप्पर कोसळलं की मग?" सुधाकररावांनी विचारलं.

त्या उत्तर देणार तोच वळण आलं आणि डोळ्यांवर उजेड पडला. पाचूसारखं हिरवं पाणी, चारी बाजूंनी उंच कडे, कड्यांच्या अंगावर झाडं आणि वर आभाळाचा गोल तुकडा. लाट नव्हती, वारा नव्हता. फळ्यावर त्यांनी कधी झाडं काढली नव्हती, ही शांतताही काढली नव्हती. त्या खडकाला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. पायाखाली मऊ वाळू होती.

"रडतेस की काय?" सुधाकररावांनी हळूच विचारलं.

"खारं पाणी गेलंय डोळ्यांत."

भरती सुरू होईल म्हणून वाटाड्या घाई करू लागला. सगळ्यांच्या शेवटी बाई निघाल्या. परतीच्या अंधारात मात्र सुधाकररावांनी पट्टा धरला नाही. उलट तेच पुढे होते.

बोटीत चढल्यावर अंग पुसता पुसता सुधाकररावांनी वाटाड्याला तोडक्यामोडक्या इंग्रजीत विचारलं, अशी आणखी एखादी गुहा आहे का? त्याने दूरच्या बेटाकडे बोट दाखवलं.

"क्षितिजा," ते मुलीला म्हणाले, "परवाचं परतीचं तिकीट पुढे ढकलता येतं का, बघ जरा."