एक नंबर लहान

काल आमच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ आले आणि चपलेचा सोल अंगठ्याने दाबून पाहू लागले. ते दाबणं मी चेहऱ्याआधी ओळखलं. आईचे पाय सुजायचे म्हणून मी तिच्यासाठी पहिली मऊ चप्पल शिवली होती. पुढे तसाच एक जोड विकायला घेऊन मी यांच्या चपलांच्या दुकानात गेले, तेव्हा त्यांनी तो असाच दाबला आणि रस्त्यावर भिरकावला. "बाईमाणसानं पोळ्या लाटाव्यात," असं गिऱ्हाइकांसमोर म्हणाले होते.

आज कुटुंबंच्या कुटुंबं आमच्या चपला घालतात, आजीपासून नातवापर्यंत. लोक म्हणतात, "ताई, तुमच्या चपलेत माया आहे." माया आईपुरती होती, पुढचा सगळा धंदा मी त्या एका वाक्याच्या रागावर उभा केला. राग इतका मऊ शिवता येतो, हे मलाही ठाऊक नव्हतं.

त्यांनी मला ओळखलं नाही. "आठ नंबर द्या," म्हणाले. मी खाली बसून त्यांच्या पायात सात नंबर चढवला.

"जरा आवळते हो बाई."

"वापरून सैल होईल."

ते पैसे देऊन लंगडत पायऱ्या उतरले. मी हाक मारली नाही. आमच्या दुकानातून चावणारी चप्पल घालून गेलेलं ते एकच गिऱ्हाईक.