बाहुल्याचा नमस्कार

गिरण्यांच्या संपात बाबा शेवटपर्यंत टिकून राहिले, काका मात्र मध्येच कामावर परत गेले. तेव्हापासून दोघा भावांचं बोलणं बंद. एकाच चाळीत राहायचे, एकाच नळावर पाणी भरायचे, पण एकमेकांकडे बघायचेसुद्धा नाहीत. पुढे काकांची गिरणीही बंद पडली, अबोला तेवढा चालू राहिला. मला त्याचा अगदी वीट आला होता.

मी तेव्हा मैदानातल्या कार्यक्रमांसाठी मोठमोठे बाहुले बनवायचो. त्या वर्षी काळाचौकीच्या मैदानासाठी बांबू, कागद आणि जुन्या चादरींचा एक गिरणी कामगार केला, चाळीच्या दुसऱ्या मजल्याला डोकं लागेल एवढा. शेवटी त्याने लोकांना नमस्कार करायचा होता. एकेक हात एकेका माणसाने लांब बांबूवर उचलायचा. ती माणसं सारख्या उंचीची हवीत, नाहीतर तळवे जुळत नाहीत. चाळीत तशी जोडी एकच होती! मी दोघांनाही विचारलं तेव्हा आईने कपाळावर हात मारला. पण 'पोराचं काम आहे' म्हणून दोघेही तयार झाले.

मध्ये बाहुल्याचं पोट, त्यामुळे एकमेकांचं तोंड बघायची वेळ येत नव्हती. मी समोरून शिट्टी वाजवायची, की त्यांनी हात उचलायचे. तालमीत एकदा उजवा हात आधी आला आणि बाहुल्याने स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली. सगळे हसले, हे दोघे ढिम्म.

कार्यक्रमाच्या दिवशी बाहुला उभा राहिला आणि अख्खं मैदान शिट्ट्या मारायला लागलं. लालबाग-परळची पब्लिक ती! त्यात माझी शिट्टी त्यांना कुठून ऐकू जाणार? हात अर्ध्यावर अडकून थरथरायला लागले. मी धावत जवळ गेलो, तर चादरीआडून बाबांचा आवाज आला, "धाकल्या, वायच वर घे रे!"

पलीकडून काका ओरडले, "माझो वरच आसा. तूच खाली रवलंस, दादा!"

तळवे जुळले. लोकांनी मैदान डोक्यावर घेतलं. मला मात्र हायसं वाटलं ते त्या दोन हाकांनी. डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

घरी येईपर्यंत दोघे भांडत होते, हात नक्की कोणाचा खाली होता यावरून. चाळीच्या जिन्यात मी म्हणालो, "बाबा, जाऊ दे ना आता."

आईने मागून माझा दंड धरला.

"गप नको करू त्यांका," ती म्हणाली. "किती वर्सांनी बोलतत."