ताईचा कारभारी

बातमी आली ती शेजारच्या कांताकाकूंच्या फोनवरून. दुपारचे साडेतीन वाजले होते, हिंजवडीच्या ऑफिसात मी मीटिंगमध्ये होते आणि फोन टेबलावर पालथा ठेवलेला होता. बाहेर येऊन पाहिलं तर काकूंचे सहा मिस्ड कॉल. "वैशाली, तू आदी खाली बस," काकू म्हणाल्या आणि मी उभीच राहिले... घोटावड्याच्या घरी ताईला धाप लागली, गाडी लगेच मिळाली, पण पिरंगुट यायच्या आतच ती गेली. डॉक्टर नंतर म्हणाले, या आजारात शेवट असाच होतो, तासभर आधी आणलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं. ते खरं असेल. सात आठवडे झाले, ते वाक्य मी रोज स्वतःला ऐकवते.

सुजाताताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील लवकर गेले. ताई शाळेत शिक्षिका झाली, लग्नाचा विषय निघाला की उठून जायची, आणि मला मात्र हट्टानं इंजिनिअर केलं. आमच्या बुद्धवस्तीत कुणाला जातीचा दाखला हवा असो की रेशनकार्डावर सुनेचं नाव चढवायचं असो, अर्ज ताईनंच लिहायचा. "जयभीम बाई, येवडं लिवून द्या," म्हणत माणसं ओट्यावर येऊन बसायची. चार वर्षांपूर्वी तिच्या हातातून खडू निसटायला लागला. पुढं कळलं, स्नायू हळूहळू निकामी करणारा आजार आहे आणि त्याला औषध नाही. शाळा सुटली. लिहिणं सुटेल या भीतीनं मात्र ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू कॉम्प्युटरवाली ना? मग कर की काहीतरी."

मी एक जुना लॅपटॉप आणला आणि त्यावर लिनक्स घातलं. महिनाभरात उंदीर, म्हणजे माउस, तिच्या हाताला पेलेना. बाण भलतीकडेच जायचा. तेव्हा मी तिला सांगितलं की या फुकट, खुल्या प्रणालीत एक गंमत असते. पडद्यावर खिडक्या कुठे उघडायच्या, केवढ्या व्हायच्या, कुणी पुढे यायचं आणि कुणी मागे जायचं, हे ठरवणारा प्रोग्राम वेगळा असतो. त्याला विंडो मॅनेजर म्हणतात आणि तो आपल्या पसंतीनं निवडता येतो. काही मॅनेजर खिडक्या एकावर एक ठेवतात, टेबलावर कागद पसरावेत तशा. काही फरशीसारख्या शेजारी शेजारी बसवतात, आणि त्यांना माउस लागत नाही, सगळं कळफलकावरून चालतं. ताईनं लक्षपूर्वक ऐकलं आणि आईला हाक मारून म्हणाली, "आई, माझ्यासाठी कारभारी बघायला चाललीय ही!" आमच्याकडे नवऱ्याला कारभारी म्हणतात. आई पदर तोंडाला लावून इतकी हसली... त्या घरात तसं हसणं पुन्हा झालं नाही.

मी बसवला तो माझा स्वतःचा आवडता, फरशीवाला. दहा वर्षं घासूनपुसून जमवलेली माझी मांडणी जशीच्या तशी तिच्या यंत्रावर चढवली आणि मोठं काम केल्याच्या समाधानात परत आले. पुढच्या रविवारी गेले तर लॅपटॉप मिटलेला. मला राग आला. "किती मेहनतीनं केलंय मी ते!" ताई शांतपणे म्हणाली, "वैशाली, मी नवीन खिडकी उघडली की जुनी आपोआप आक्रसते. पाहुणा आला की घरच्यांनी अंग चोरून बसायचं, तसं होतंय. आणि तीन कळा एकदम दाबायच्या म्हणजे तीन बोटं लागतात. माझी दोनच उरलीत. हे सगळं तुझ्या हाताच्या मापाचं आहे गं." मी वाद घातला. सवय होईल, म्हणाले. हे बोलल्याचंही आता टोचतं.

मग आम्ही चार रविवार निवडण्यातच घालवले. एकेक कारभारी बसवायचा, तिनं एक अर्ज पुरा लिहायचा, थकल्यावर कुठे अडतं ते मी बघायचं. कोणता चांगला, हा माझा प्रश्न तिनं बाद केला. दमलेल्या माणसाला कोणता आठवतो, एवढंच विचारायचं, म्हणाली. शेवटी ठरलं ते साधंच. एका वेळी पडद्यावर एकच खिडकी, अख्खी. प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली आणि प्रत्येक खोलीला एकच कळ. पहिलीत अर्ज, दुसरीत पत्रं, तिसरीत वाचन. खिडक्यांनी आपापल्या जागा सोडायच्या नाहीत. पुढं पुढं तिला जोरात हाक मारवत नव्हती, फोन हातात धरवत नव्हता, म्हणून उजव्या कोपऱ्यातली एक कळ मी फक्त माझ्यासाठी ठेवली. ती दाबली की माझ्या मोबाइलवर निरोप यायचा आणि मी फोन करायचे, आई तो तिच्या कानाला लावायची. तीन वर्षं ती कळ चालली. बहुतेक वेळा कारण काहीच नसायचं. "जेवलीस का?" एवढंच.

यंदा त्या प्रणालीची नवी आवृत्ती आली. खिडक्या ज्या पायावर उभ्या असतात तो पायाच बदलत होता, जुने कारभारी त्यावर चालणार नव्हते. मी ताईला दोन ओळींत कळवलं आणि ऑफिसात बसल्या बसल्या, दुरूनच, तिच्या यंत्रावर नवा बसवला. खोल्या त्याच, कळा त्याच, रंगसुद्धा तोच. तिला फरक जाणवू नये याची मी फार काळजी घेतली. पण ती कोपऱ्यातली कळ कारभाऱ्याच्या ताब्यात नव्हती. तिच्यासाठी मी एक वेगळा छोटा प्रोग्राम जोडला होता, आणि नव्या पायावर अशा बाहेरच्या प्रोग्रामला कळफलकावर कान ठेवता येत नाही. हे मला माहीत होतं. माझं रोजचं कामच ते. मी विसरले.

हे ध्यानात आलं ते ती गेल्यावर, पुण्यानुमोदनाच्या दिवशी. माणसं जेवत होती आणि मी तिच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसून ती कळ दाबत होते. फोन माझ्या हातात होता, गप्प. ती गेली त्याआधीचे नऊ दिवस, म्हणजे नवा कारभारी बसवल्यापासून, तिच्याकडून निरोप आला नव्हता, आणि मी समजत होते की ती मजेत आहे. मग मी यंत्रातल्या सगळ्या नोंदी उपसल्या. कोणती फाइल किती वाजता उघडली, सगळं सापडलं. पण जी कळ कुठेच पोचत नाही, तिची नोंद कोण ठेवणार? तिनं ती दाबली होती का, किती वेळा... ऑफिसात, बसमध्ये, भाजी निवडताना हाच प्रश्न.

गेल्या रविवारी वस्तीतल्या एक आजी नातवाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी अर्ज लिहून घ्यायला आल्या. लिहायला मी बसले आणि सवयीनं माझ्याच कळा दाबल्या. पडदा भलतीकडे गेला. मागून आई म्हणाली, "तसं न्हाई. हितं दाब. अर्ज पयल्या खोलीत हायेत." आई अक्षरओळख जेमतेम असलेली बाई. पण तीन वर्षं ती त्या खुर्चीच्या मागं, ताईचा हात उचलून ठेवत उभी होती. तिला सगळ्या कळा पाठ होत्या. इतके दिवस मी यंत्राला विचारत होते... आजी अर्ज घेऊन गेल्यावर मी कोपऱ्यात बोट दाखवलं. "आई, ही ती दाबायची?"

"व्हय. रोज सकाळी. त्या दिवशी दोनदा दाबली. मी म्हनलं, मी लावू का फोन? तर म्हनली, नको, कामात आसंल. सवड झाली का करंल तीच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलं न्हाईस," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. मग ती माझ्या शेजारी बसली आणि मी रडून होईपर्यंत उठली नाही.

त्याच दुपारी मी ती कळ नव्या कारभाऱ्याच्या हाती दिली. काम दहा मिनिटांचं होतं. आईनं दाबून बघितली आणि माझ्या पर्समधला फोन वाजला. पडद्यावर आलं, "ताई हाक मारते आहे." मी लगेच नाव बदलायला घेतलं. आईनं माझं मनगट धरलं. "ऱ्हाऊ दे. माझं नाव कशाला घालतीस?"

लॅपटॉप त्या खोलीत चालूच असतो. आई सकाळची कामं उरकून तिथं जाते. काल मी मीटिंगमध्ये होते, फोन पालथा नव्हता. "ताई हाक मारते आहे..." मी सगळ्यांसमोर उठले आणि बाहेर आले.