सिलिंडरवरच्या पाच जागा

आमच्या इंग्लंडमधल्या रीडिंगच्या घरी जुन्या मोटरसायकलचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर मी तिसऱ्यांदा रंगवला आणि रंग तिसऱ्यांदा त्याच जागी सुटला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पातळ पात्यांच्या, म्हणजे फिन्सच्या कडांवर, ओळीने पाच ठिकाणी. बाकी सगळीकडे काळा रंग झकास बसला होता.

आधी मला दुकानदाराचा संशय आला. जुना डबा गळ्यात मारला असणार. नवा आणला, तरी तेच. मग माझी नजर बायकोकडे वळली. हा रंग पक्का व्हायला ओव्हनमध्ये तापवावा लागतो आणि आमच्या ओव्हनमध्ये ती तळणीच्या कढया ठेवते.

"तुझ्या कढईचं तेल लागलंय," मी म्हणालो. "मी ओव्हन वापरतो ते तुला खपत नाही, म्हणून हे चाललंय."

"दर वेळी मी कढया बाहेर काढून ओव्हन पुसते."

माझा काडीचा विश्वास बसला नाही. चौथ्या वेळी मी खुर्ची टाकून ओव्हनसमोर पहारा दिला. रंग तिथेच सुटला.

तिने फोन माझ्या हातात दिला. पुण्याला आईला पाठवलेला दसऱ्याचा फोटो होता. त्यात सिलिंडरला कुंकवाची पाच बोटं होती. धातूवर कुंकू टिकावं म्हणून आधी तेलाचं बोट लावायचं, ही आमच्या घरची पद्धत. कुंकू मी नंतर पुसलं होतं, फटींत उतरलेलं तेल तसंच राहिलं आणि दर वेळी तापलं की कडांवर येत होतं.

फोटोतल्या तेलकट बोटात माझी लग्नातली अंगठी होती.