शेवटच्या रांगेतली छत्री

निजामाच्या अख्ख्या मुलखात हळू बोलता न येणारी बाई एकच होती, आणि ती नेमकी माझी धाकटी आत्या होती. आईच्या कानाशी लागून तिने सांगितलेलं गुपित हैदराबादेत आमच्या हिमायतनगरच्या पलीकडच्या गल्लीत पोचायचं. भाजीवाली तिच्याशी घासाघीस करायचीच नाही, भाव उतरवून मोकळी व्हायची. यात आत्याचा दोष नव्हता. दोष असलाच तर तिच्या मास्तरांचा, पण त्यांना मी नावं ठेवणार नाही. राग धरावा अशी माणसं या हकिकतीत वेगळी आहेत.

मास्तर म्हणजे फिरत्या नाटक कंपनीत उभी हयात नायिका रंगवलेले गृहस्थ. कंपनी बुडाल्यावर ते आमच्या शेजारी येऊन राहिले आणि आत्याला नाटक शिकवू लागले. आत्या आमच्या गच्चीवर उभी, आणि मैदानापलीकडच्या खडकावर मास्तर, मांडीवर मिटलेली छत्री घेऊन. पद नीट ऐकू आलं तर छत्री मिटलेली राहायची. एखादा शब्द जरी वाटेत सांडला, की छत्री उघडायची आणि आत्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. "शेवटच्या रांगेतला माणूसही तिकीट काढूनच येतो," असं ते म्हणत. नऊवारीत चालायलाही तिला त्यांनीच शिकवलं. आई वैतागायची, "बाईच्या जातीला बाईसारखं चालणं पुरुषाकडून शिकायलीस, लोक काय म्हणतील?" लोक वन्समोअर म्हणाले. आत्या नाटकात नायिका झाली, आणि तिच्या पदांना पहिली टाळी कायम मागून यायची.

रझाकारांच्या त्या दिवसांत मात्र या आवाजाने आमचा जीव टांगणीला लावला. सगळं शहर कुजबुजत होतं. वडील रेडिओवर गोधडी टाकून दिल्लीच्या बातम्या ऐकायचे आणि आत्या त्या स्वयंपाकघरात आईला सांगायची. मग भिंतीपलीकडून शेजारच्या खाला कळवळून म्हणायच्या, "बाई, जरा हल्लू बोलो, नुक्कड तक सुनाई देरा."

"हौ खाला, मगर हल्लू बोलना मेरेकू कोई सिखायाच नै," आत्या उत्तर द्यायची, तेही नुक्कडापर्यंत.

संस्थान विलीन झालं, रस्ते मोकळे झाले, आणि मुंबईच्या एका सिनेमा कंपनीने आत्याला आईच्या भूमिकेसाठी बोलावलं. त्यात एक अंगाई होती. गाणं घेताना ध्वनिमुद्रण करणारा कानावरचं यंत्र काढून म्हणाला, "बाई, माईक तुमच्या नाकासमोर आहे, हैदराबादेत नाही." तरी गाणं घेतलं, तेच लावून तिच्याकडून ओठ हलवून घेतले, चित्रण झालं, आत्या घरी आली. आणि मागाहून त्या शहाण्यांनी तिचा आवाज काढून टाकला आणि कुणा नाजूक गळ्याच्या बाईकडून अंगाई नव्याने गाऊन घेतली. चेहरा आमच्या आत्याचा, गळा भलतीचाच. आत्याला एका शब्दाने कळवायला यांचं काय जात होतं? इतक्या वर्षांनी हे लिहितानाही माझं डोकं तापतं.

तर काहीच ठाऊक नसलेली आत्या आम्हा सगळ्यांना घेऊन आबिड्सला सिनेमा पाहायला गेली. नाटकात सगळ्यांत स्वस्त असणारी शेवटची रांग सिनेमात महाग का, यावरून ती तिकीटवाल्याशी भांडली, पण मास्तरांना तिने तिथेच बसवलं. आम्ही बायका पुढे, जनान्यात. अंगाई सुरू झाली. पडद्यावर आत्याचे ओठ हलले आणि परका, गोड आवाज आला. आत्याने माझा हात घट्ट धरला. तेवढ्यात पडद्यावर, तिच्या चेहऱ्यावरच, एक मोठी काळी सावली पडली. मागे, यंत्राच्या झोतात, मास्तरांनी छत्री उघडली होती.

"छत्री बंद करो मियाँ, पिच्चर नै दिखरा," लोक ओरडायला लागले.

आत्या उभी राहिली आणि पहिल्यापासून गाऊ लागली. सिनेमातली बाई केव्हाच पुढे निघून गेली, तिचं गाणं संपलं, पुढचे संवाद सुरू झाले, आत्या थांबली नाही. आरडाओरडा हळूहळू विरला. थिएटरचा माणूस बॅटरी घेऊन धावत आला आणि वाटेतच उभा राहिला. शेवटच्या ओळीला पडद्यावरची सावली मिटली.

आत्याला सिनेमात पुन्हा कुणी बोलावलं नाही. ती अंगाई मात्र घरोघर गेली, त्या दुसऱ्या बाईच्या गळ्यातून. माझ्यासमोर कुणी तिचं कौतुक करू लागलं, की मी अजून भांडते.

मास्तर गेले तेव्हा त्यांची छत्री आत्याने मागून घेतली. पावसाळ्यात नाटकाच्या तालमीवरून ती रोज चिंब भिजून घरी यायची आणि आई तिला बोलबोल बोलायची. छत्री काखेतच असायची, मिटलेली.